कोणती तीज

मी गावात पोचलो तेव्हा शाळेच्या अंगणात माणसं एक तरस मारत होती.

तरसाच्या मानेत फास होता आणि फासाची दोन टोकं दोन झाडांना बांधली होती, त्यामुळे ते कुणाच्याच अंगावर जाऊ शकत नव्हतं. मागचा एक पाय मोडून लोंबत होता. भोवती पंधरा-वीस माणसं होती. काठ्या, कुऱ्हाडी, एकाकडे नांगराचा फाळ. एकजण पुढे होऊन घाव घाली आणि मागे सरून पुढच्याला जागा देई. घाई कुणालाच नव्हती. तरस ओरडत नव्हतं, फक्त प्रत्येक घावाला भाता दाबल्यासारखी हवा त्याच्या तोंडातून बाहेर पडे. शेवटचा घाव कवटीवर बसला तेव्हा एक दात उडून माझ्या चपलेजवळ येऊन पडला.

मग त्याचं पोट फाडलं. एका माणसाने कोपरापर्यंत हात घालून आतडी चाचपली.

"कडं हाये का बघ," मागून कुणीतरी म्हणालं.

कडं म्हणजे सांडू नावाच्या माणसाच्या हातातलं चांदीचं कडं. काही दिवसांपूर्वी सांडूला जनावराने विहिरीवरून उचलून नेलं होतं. तरसाच्या पोटातून शेळीचे केस निघाले, हाडांचा चुरा निघाला आणि चपलेच्या वादीचा एक तुकडा. कडं निघालं नाही.

मी पत्र्याची ट्रंक हातात धरून हे सगळं पाहत होतो. हैदराबादहून नुकताच बी. एस्सी. होऊन औरंगाबादला घरी आलो होतो. पोलीस अ‍ॅक्शनला तीन वर्षं झाली होती, गावोगाव शाळा उघडत होत्या, आणि कन्नडजवळच्या घाटाखालच्या या गावात मास्तर म्हणून मला पाठवलं होतं. गावात वाघ-बिबट्या येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

रक्ताने भरलेली कुऱ्हाड गवताला पुसत एक उंच माणूस माझ्याकडे आला. ते पुंजाराम, गावचे पोलीस पाटील.

"या मास्तर," ते म्हणाले. "तुमच्या शाळेचा मुहूर्त झाला."

मी विचारलं, सांडूला जिथून नेलं तिथे काही ठसे आहेत का. विहिरीच्या पाटाकडेला चिखल वाळून कडक झाला होता, त्यात दोन ठसे शिल्लक होते. मी काडीने ठशाचं माप घेतलं आणि परत येऊन तरसाचा पंजा त्याच काडीने मोजला. तरसाला नखं आत घेता येत नाहीत, त्यामुळे त्याच्या ठशात नखं उमटतात. विहिरीवरच्या ठशात नखं नव्हती.

"हे तरसानं केलेलं नाही," मी म्हणालो. "बिबट्या आहे."

फाळ हातात असलेला माणूस म्हणाला, "मास्तर, तुमी सकाळच्याला आले असते तर ह्या बिचाऱ्याला सांगता आलं असतं." चार-पाच जण हसले. हसताना त्यांच्या हातातल्या काठ्यांवरून रक्त ओघळत होतं.

त्या दिवसापासून गावाने माझं ऐकायला सुरुवात केली. ते ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

*

माझी राहण्याची सोय पाटलांच्याच ओसरीवर झाली. घरात पाटील, त्यांची बायको सारजाबाई आणि बाळंतपणाला माहेरी आलेली त्यांची एकुलती एक मुलगी द्वारका. सारजाबाईंना मी दुसऱ्याच दिवशी काकू म्हणू लागलो, कारण त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी "बाबा, अजून अर्धी घे" म्हणायला सुरुवात केली होती.

बिबट्याने तीन महिन्यांत चार माणसं नेली होती. गावातल्या दोन ठासणीच्या बंदुका पोलीस अ‍ॅक्शननंतर कन्नडच्या तहसिलीत जमा झाल्या होत्या आणि परत आल्या नव्हत्या. पाटलांनी तीन अर्ज दिले होते. शिकारी येतो म्हणाले होते, आला नव्हता. उरल्या कुऱ्हाडी. पण कुऱ्हाडीला जनावर हातभर अंतरावर लागतं, आणि ते कोणत्या दिवशी येणार हे माहीत असल्याशिवाय कुऱ्हाड घेऊन बसणार कुठे?

हाच प्रश्न मला पडला. जनावर अंधारात शिकार करतं. अंधार चंद्रावर अवलंबून आहे. चंद्राचा हिशोब करता येतो. तर जनावराचाही करता यावा.

मी पाटलांकडे त्यांची वही मागितली. गावातला प्रत्येक मृत्यू ते वहीत लिहीत. चार नोंदी होत्या.

अश्विन पंचम, मनकर्णाबाई, गवताच्या गंजीपाशी. कार्तिक तीज, नवाब, शेळ्यावाल्या रहीमचा भाऊ, ओढ्यात. मार्गशीर्ष बीज, कडूबा, खळ्यावर. मार्गशीर्ष पंचम, सांडू, विहिरीवर.

पाच, तीन, दोन, पाच. चारही आकडे इतके जवळजवळ पाहून माझ्या अंगावर काटा आला. परीक्षेत उत्तर बरोबर येतंय असं दिसू लागलं की येतो तसा.

पण महिन्यात प्रत्येक तिथी दोनदा येते, एकदा चंद्र वाढताना आणि एकदा उतरताना. वहीत ते लिहिलं नव्हतं.

"पाटील, ही तीज शुद्ध का वद्य?"

पाटील बाजेचा सुंभ आवळत होते. एक पाय बाजेवर रोवून त्यांनी जोर लावला. "तीज म्हंजी तीज, मास्तर. माणूस गेला त्या दिशी. त्याला काय शुद्ध आन् काय वद्य."

मी पुन्हा विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी विचार केला. शुद्ध पक्षातली बीज, तीज, पंचमी म्हणजे अमावस्येच्या लगतचे दिवस, चंद्र कोवळा, लवकर मावळणारा, रात्र जवळजवळ सगळी काळी. बिबट्याला अंधार हवा. म्हणजे तिथी शुद्धच असणार. गाळलेला शब्द मी माझ्या तर्काने भरला आणि मग तोच शब्द पुरावा धरून तर्क खरा मानला.

त्याच वेळी काकू चुलीपुढे भाकरी थापत बोलत होत्या. द्वारकेला मूल व्हावं आणि ती सुखरूप सुटावी म्हणून त्यांनी एकवीस संकष्ट्यांचा नेम धरला होता. दिवसभर उपास, रात्री चंद्र पाहून सोडायचा. एकोणीस झाल्या होत्या. विसावी पुढच्या पुनवेनंतर चौथ्या दिवशी.

"गेली संकष्ट लई वाईट गेली बघ," त्या म्हणाल्या. "कडूबा जाऊन दोन दिस झालते. भ्यानं कोण बाहीर पडतंय? आन् आपल्या घरून डोंगरामुळं चांद दिसतो अर्ध्या रात्रीला. म्या दाराच्या फटीतून बघितला. असं चोरून बघितलेलं पावतं का रं बाबा?"

"पावतं, काकू," मी म्हणालो आणि कागदावर रेघा ओढत राहिलो.

कडूबा गेल्यावर दोन दिवसांनी संकष्टी. संकष्टी वद्य चतुर्थीला येते. म्हणजे कडूबा वद्य द्वितीयेला गेला. उत्तर माझ्या कानापासून दोन हातांवर, भाकरीच्या थापेबरोबर सांगितलं जात होतं. मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर मी खडूने आणि कोळशाने महिनाभराचे चंद्र काढले. अमावस्येपासून शुद्ध पंचमीपर्यंतचे चंद्र कोळशाच्या चौकटीत, म्हणजे दिवस मावळल्यावर कुणी घराबाहेर पडायचं नाही. पुनवेनंतरचे पाच दिवस मी मुद्दाम पांढऱ्या खडूने भरून काढले. सगळ्यात सुरक्षित.

गाव भिंतीपुढे जमलं. अवसेला वाईट आणि पुनवेला चांगलं, हे त्यांना आधीपासूनच ठाऊक होतं, आता ते शिकलेल्या माणसाने लिहून दिलं होतं. एका म्हातारीने चौकटीतल्या काळ्या चंद्राकडे पाहून बोटं मोडली. पाटील मात्र बराच वेळ भिंतीपुढे उभे राहिले. मान एका बाजूला कलली होती, काहीतरी जुळत नसल्यासारखी.

"काय पाटील?"

"काय नाय," ते म्हणाले. "तुमी हिशोब केलाय म्हंजी बरोबरच असंल."

पौष महिना लागला. चौकटीतले दिवस गेले, कुणी बाहेर पडलं नाही, कुणी मेलं नाही. पुनवेपर्यंतचे दिवस गेले, लोक शेतात गेले, कुणी मेलं नाही. पुनवेला ज्वारीच्या कडेला माणसं उघड्यावर गप्पा मारत बसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. फाळवाला मला म्हणाला, "मास्तर, आता त्या बिबट्यालाच शाळेत घाला." मी हसलो. मला फार बरं वाटलं होतं.

*

संकष्टीच्या रात्री रहीम आला.

रहीम शेळ्यांचा व्यापारी. नवाब गेल्यावर चाळिसावा करून तो सिल्लोडच्या बाजाराकडे निघून गेला होता, तो तीन आठवड्यांनी परतत होता. खांद्यावर घोंगडी, पुढे सात शेळ्या. दिवस बुडून अडीच तास होत आले होते, चंद्र अजून उगवला नव्हता. मी शाळेच्या पायरीवर कंदील ठेवून वाचत होतो. रहीमने शेळ्या अंगणात कोंडल्या, कंदील उचलला आणि भिंतीवर धरला. त्याला अक्षरं वाचायची नव्हती, चित्र पुरेसं होतं.

"मास्तर," तो म्हणाला, "ये उलटा कायकू बनाये?"

"उलटं काय?"

"ही काळी चौकट. हितं नाय पायजे. हितं पायजे." आणि त्याने बोट ठेवलं ते पुनवेनंतरच्या पांढऱ्या चंद्रांवर.

मी त्याला वहीतलं सांगितलं. कार्तिक शुद्ध तीज, नवाब.

"कंची तीज?"

"शुद्ध. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी."

रहीमने कंदील खाली ठेवला. "भाऊबीजेच्या दुसऱ्या दिशी नवाब माझ्यासंगं सिल्लोडला व्हता. जित्ता. दोघांनी एका ताटात खाल्लं." त्याने अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला. "माझा भाऊ सतरा चांदला गेला. म्या चाळीस दिस मोजले मास्तर, एकेक करून. सव्वीसला चाळिसावा आला. पाटील बी जेवायला व्हते. मला चुकंल काय?"

मुसलमानांचा महिना चंद्र दिसल्यापासून सुरू होतो आणि न थांबता मोजला जातो, एकोणतीस किंवा तीस. पुनव त्यांची चौदावी. सतरातून चौदा गेले की तीन उरतात. तीज. पुनवेनंतरची तीज. शुद्ध तीज असती तर तो दुसरा चांद असता. दोन आणि सतरा यांत कुणाचाही गोंधळ होऊ शकत नाही. तीज आणि तीज यांत माझा झाला होता.

"आन् त्या दिशी चांद नव्हताच," रहीम म्हणाला. "दिवस बुडला, आन् लई अंधार. नवाब शेळ्या वळवून आणत व्हता. ओढ्यात ओरडला. म्या पळत गेलो तर रेतीवर त्याचा जबडा व्हता, दाढीसकट. बाकी नवाब नव्हता. त्याला मी धरून बसलो, तवा कुठं चांद वर आला."

मी उभा राहिलो. पुनवेला चंद्र दिवस मावळताच उगवतो. नंतर रोज पाऊण-पाऊण तास उशीर. पुनवेनंतरच्या दिवसांत रात्र उजेडाची असते हे खरं, पण दिवस मावळल्यापासून चंद्र उगवेपर्यंत मधे काळा पट्टा असतो, आणि त्याच पट्ट्यात माणसं अजून जागी, अजून बाहेर असतात. शुद्ध पक्षात असा पट्टाच नसतो, दिवस मावळताना चंद्र आकाशात हजर असतो. चौघंही दिवेलागणीनंतर गेले होते. वेळ मी कुणाला विचारलीच नव्हती.

कडूबा जाऊन दोन दिवसांनी संकष्टी, काकू म्हणाल्या होत्या.

"आज कितवा चांद?" मी विचारलं.

"अठरा."

आणि मी भिंतीवर पांढरा रंग भरून गावातल्या बायकांना सांगितलं होतं की आज खुशाल बाहेर जा.

*

गावाच्या पूर्वेला एक टेकाड आहे. त्यावर निंबाखाली शेंदूर लावलेला दगडाचा गणपती. तिथून डोंगराची खिंड समोर येते, म्हणून गावापेक्षा तिथे चंद्र अर्धा-पाऊण तास आधी दिसतो. उपासाच्या बायका त्या रात्री तिथेच गेल्या होत्या. टेकाडाला तीन बाजूंनी पाटलांची ज्वारी लागून आहे, पुरुषभर उंच.

मी कंदील घेऊन धावलो. रहीम मागे. चारशे पावलं असतील. वाटेत पाटील भेटले, टेकाडाच्या पायथ्याशी दगडावर बसलेले, कुऱ्हाड मांडीवर.

"पाटील, बायकांना खाली आणा. आजचा दिवस चुकलाय."

"काय चुकलाय?"

"तीज वद्य होती."

ते उठले. त्यांच्या तोंडावर कंदिलाचा उजेड होता, आणि मान कलती ठेवून भिंतीपुढे उभे असताना त्यांना जे जुळत नव्हतं ते आता जुळताना मला दिसलं. ते कुऱ्हाड घेऊन वर पळू लागले.

वर आठ-नऊ बायका गोल करून बसल्या होत्या. मधे निरांजनं, तांब्यात दूध-पाणी, केळीच्या पानावर मोदक. दिव्याजवळ बसलेल्याला दिव्याच्या पलीकडचं काही दिसत नाही, डोळा उजेडाला बांधला जातो. त्यांच्यासाठी ज्वारी नव्हतीच, काळी भिंत होती.

"काकू, खाली या," मी ओरडलो. "सगळ्या खाली या."

एक बाई हसली. "मास्तर कंदील घेऊन आले गं. चांद समजून उपास सोडायचा का?"

काकू उठल्या. माझं नीट ऐकू आलं नव्हतं त्यांना. पदर सावरत, माझ्या आवाजाच्या दिशेने, दिव्यांच्या गोलातून त्या तीन पावलं बाहेर आल्या.

"काय झालं रं बाबा?"

ज्वारीचं एकच ताट मोडल्याचा आवाज झाला.

बिबट्या उडी मारताना मला दिसला नाही. काकू उभ्या होत्या आणि मग आडव्या होत्या. त्याने त्यांचा गळा धरला होता आणि मागे सरकत त्यांना ओढत होता, पोतं ओढावं तसं, झटके देत. त्यांचे पाय जमिनीवर आपटत होते. एक जोडवं सुटून दगडावर वाजलं. बायकांच्या किंकाळ्या एकदम फुटल्या आणि निरांजनं पायाखाली विझली. उरला माझा कंदील.

पाटलांचा पहिला घाव चुकला. कुऱ्हाड जनावराच्या खांद्यावरून घसरून मातीत रुतली. जनावराने गळा सोडला नाही. रहीमने पुढे होऊन हातातली घोंगडी त्याच्या डोक्यावर टाकली आणि वरून अंग झोकून दिलं. तेव्हा त्याने काकूंना सोडलं आणि घोंगडीतूनच रहीमचा हात धरला. हाड फुटल्याचा आवाज मी ऐकला, ओलं लाकूड फुटतं तसा नव्हता, कोरडा होता. रहीम "या अल्ला" म्हणाला, पण हळू, कुणाला तरी बाजूला बोलावून सांगावं तसं.

माझ्या हातात शस्त्र म्हणून कंदील होता. तोच मी जनावराच्या पाठीवर आपटला. काच फुटली, घासलेट सांडलं आणि घोंगडीने पेट घेतला. रहीम बाजूला फेकला गेला. पेटलेलं जनावर स्वतःभोवती फिरलं. केस आणि कातडं जळल्याचा वास आला. त्या उजेडात मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं, म्हातारी मादी, एक सुळा तुटलेला. तिच्या तोंडावर काकूंचं रक्त होतं.

पाटलांचा दुसरा घाव कण्यावर बसला. मागचे पाय गेले. ती पुढच्या पायांवर ज्वारीकडे खुरडत निघाली, पेटलेलीच, आणि पाटील तिच्यामागून चालत घाव घालत राहिले. पाचव्या की सहाव्या घावाला ती थांबली. ते थांबले नाहीत. तोवर गावातली माणसं काठ्या घेऊन वर आली होती. त्यांनीही मारलं. मेलेल्याला मारलं. एकाने डोक्यावर दगड घातला, तो उचलून पुन्हा घातला. या वेळी पोट कुणी फाडलं नाही.

काकूंच्या गळ्यावर दोन बायकांनी पदराचे बोळे दाबून धरले होते. चार बोटांएवढं भोक होतं आणि श्वास तिथूनच आत-बाहेर होत होता. बोळे काळे पडत गेले. डोळे उघडे होते. त्या बघत होत्या, पण आमच्याकडे नाही, खिंडीकडे.

मग खिंडीत चंद्र आला. तांबडा, एका बाजूने झिजलेला, क्षितिजाजवळ असतो तसा जरा चपटा. सगळ्यांच्या सावल्या एकदम पश्चिमेला पडल्या. जनावरावर दगड घालणारे हात थांबले.

पाटील कुऱ्हाड टाकून आले. त्यांनी काकूंची मान मांडीवर घेतली आणि पूर्वेकडे वळवली.

"बघ," ते म्हणाले. "निघाला."

तांब्या उलटला होता. तळाशी घोटभर दूध-पाणी होतं. पाटलांनी बोट बुडवून त्यांच्या ओठांना लावलं. ते आत गेलं नाही, गळ्यातून बाहेर आलं. पाटलांनी पुन्हा बोट बुडवलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा गळ्याचा आवाज बंद झाला होता.

कुणीतरी म्हणालं, "उपास सुटला पाटील." पाटलांनी मान हलवली. काकूंचं डोकं त्यांनी हळूच खाली ठेवलं, उठले, कुऱ्हाड उचलली आणि माझ्यासमोर आले.

"मास्तर. तुमच्या भिंतीवर आजचा दिस पांढरा हाये ना?"

"हो."

त्यांनी कुऱ्हाड हातात फिरवली. दांडा माझ्या खांद्यावर आला. गळ्याजवळचं हाड मोडलं, ते आधी ऐकू आलं आणि मग दुखलं. मी गुडघ्यावर बसलो. त्यांनी दांडा पुन्हा उचलला, आणि रहीमने चांगल्या हाताने तो धरला. दुसरा हात त्याच्या कुशीला नुसता लटकत होता, बोटांच्या टोकांवरून थेंब पडत होते.

"बस, पाटील," रहीम म्हणाला. "तुमी वहीत बी लिवलं नव्हतं."

पाटलांनी त्याच्याकडे पाहिलं. मग दांडा सोडून दिला आणि टेकाड उतरून खाली गेले, बायकोला तिथेच ठेवून. थोड्या वेळाने बाज घेऊन परत आले.

*

रात्रीच गाडी जुंपून रहीमला आणि मला कन्नडला नेलं. रहीमचा हात कोपराखाली कापावा लागला. माझं हाड बांधलं आणि तीन आठवडे हलू नका म्हणून सांगितलं. मी सहाव्या दिवशी गावात परत आलो. ट्रंक आणायला आलो, असं मी स्वतःला सांगत होतो.

शाळेची भिंत कुणीतरी शेणाने सारवून टाकली होती. लोक मला पाहून वाट सोडत नव्हते, पण बोलतही नव्हते. फाळवाला समोरून गेला, थांबला, म्हणाला, "हात कसाय?" मी ठीक आहे म्हणालो. "सुटला म्हणायचं," तो म्हणाला आणि गेला. पाटलांच्या ओसरीवर जायची माझी हिंमत झाली नाही. मी शाळेतच झोपलो.

तीन दिवसांनी सकाळी पाटील शाळेत आले. डोक्याचे केस काढलेले. बगलेत वही. दारातच उभे राहिले.

"डोंगरात अजून असत्याल," ते म्हणाले. "बिबट एक नसतो."

"हो."

त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली आणि ते पान उघडलं. सांडूच्या खाली नवी ओळ होती. सारजाबाई, टेकाडावर. त्याआधी जागा कोरी सोडलेली.

"ते तुमी लिवा."

माझा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. मी डाव्या हाताने लिहिलं, पोरांच्या पाटीवर असतं तसं वाकडंतिकडं. पौष वद्य चवथ. थोडा थांबून त्यापुढे लिहिलं, चांद अठरा. पाटलांनी वही उलट करून ती ओळ वाचली. मग वरच्या चार ओळींवर बोट ठेवलं, एकेकीवर. मी समजलो. प्रत्येकीपुढे मी आकडा लिहिला. एकोणीस. सतरा. सोळा. एकोणीस.

त्यांनी बोट उचललं नाही.

"पहाटेपासनं द्वारकीला कळा येतायत," ते म्हणाले. "सुईण म्हणती दुपारपर्यंत होईल. ते बी लिहावं लागंल. आज कंचा दिस?"

"वद्य त्रयोदशी."

ते तसेच उभे राहिले.

"सत्तावीस," मी म्हणालो.

तेव्हा त्यांनी वही मिटली, बगलेत धरली आणि घराकडे निघाले.